कृत्रिम हिरवळ : उष्ण प्रदेशातील अंगणासाठी कितपत योग्य?

लखनौच्या नव्या वसाहतींमध्ये घरापुढील मोकळी जागा, गच्ची आणि सज्जे येथे कृत्रिम गवत अंथरण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत रूढ झाली आहे. नागपूर, अकोला, जळगाव, सोलापूर अशा उष्ण शहरांतही हेच चित्र दिसते. या गवताला रोज पाणी द्यावे लागत नाही, ते कापावे लागत नाही, त्यात तण माजत नाही आणि बाराही महिने ते हिरवे दिसते. पाण्याची टंचाई आणि माळ्याचा खर्च या दोहोंवरचा हा सोपा उपाय असल्याचे अनेकांना वाटते.

मात्र मे-जूनमध्ये लखनौचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पश्चिमेकडून 'लू' नावाचे कोरडे, तप्त वारे वाहू लागतात, तेव्हा हेच गवत अनवाणी पाऊल ठेवता येणार नाही इतके तापते. दुकानात, पंख्याखाली, हातभर तुकड्यावरून हात फिरवून पाहणाऱ्या ग्राहकाच्या ही गोष्ट ध्यानात येत नाही. कृत्रिम गवत नेमके कशाचे असते, ते का तापते, विकत घेताना काय तपासावे आणि कोणत्या जागी ते टाळावे, याची माहिती येथे दिली आहे.

मैदानावरून अंगणात

कृत्रिम गवताचा जन्म अमेरिकेत झाला. मोन्सँटो या रसायन कंपनीने तयार केलेले 'केमग्रास' १९६४ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथील मोझेस ब्राऊन शाळेत प्रथम मोठ्या प्रमाणावर बसवण्यात आले. १९६५ मध्ये ह्यूस्टन शहरात ॲस्ट्रोडोम हे छत असलेले भव्य क्रीडागार उघडले. त्याच्या पारदर्शक छतातून येणाऱ्या झगझगाटामुळे खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना, म्हणून छताच्या काचा रंगवण्यात आल्या. प्रकाश कमी झाल्याने आतील खरे गवत मेले. १९६६ मध्ये तेथे केमग्रास अंथरले गेले आणि या क्रीडागाराच्या नावावरून त्याला 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव मिळाले. खरे गवत जगू शकत नाही अशा छताखालच्या जागेत या वस्तूने प्रथम नाव कमावले, ही गोष्ट खरेदीदाराने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सामने प्रथमच कृत्रिम मैदानावर झाले आणि या खेळाचे स्वरूप पालटले. लखनौच्या मेजर ध्यानचंद मैदानावर डिसेंबर २०१६ मध्ये कनिष्ठ गटाची विश्वचषक हॉकी स्पर्धा झाली. १८ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात भारताने बेल्जियमचा २-१ असा पराभव केला. ते सामने दूरचित्रवाणीवर पाहताना निळ्या मैदानावर पाण्याचे फवारे उडताना अनेकांनी पाहिले असतील. अशा मैदानाची पाती आखूड आणि अत्यंत दाट असतात आणि सामन्यापूर्वी ते मुद्दाम भिजवले जाते. त्यामुळे चेंडू वेगाने सरकतो आणि खेळाडूंना खरचटणे कमी होते. घरगुती गवताची पाती मात्र लांब असतात, त्यांत वाळू भरलेली असते आणि फवाऱ्याची सोय नसते. म्हणून मैदानाच्या अनुभवावरून अंगणाचा अंदाज बांधणे योग्य ठरत नाही.

गवत का तापते?

जिवंत गवत ऊन शोषते, पण त्यातील बरीच उष्णता ते पाण्याची वाफ करण्यात खर्च करते. मुळांनी ओढलेले पाणी पानांतून हवेत जाते. या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २.४ मेगाज्यूल उष्णता खर्ची पडते. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब, म्हणजे सुमारे चौदा चौरस मीटरचे अंगण घेऊ. कडक उन्हाळ्यात भरपूर पाणी मिळालेली हिरवळ चौरस मीटरमागे दिवसाला पाच लिटर पाणी हवेत सोडते असे धरले, तर या अंगणातून सत्तर लिटर पाण्याची वाफ होईल. त्यात खर्च होणारी उष्णता एक टन क्षमतेच्या वातानुकूलन यंत्राने सुमारे तेरा तासांत घराबाहेर टाकलेल्या उष्णतेइतकी भरते.

कृत्रिम पात्याजवळ ही सोय नाही. ते प्लॅस्टिकचे असते. शोषलेले ऊन ते जवळच्या हवेला, पायाला आणि शेजारच्या भिंतीला परत देते. अमेरिकेतील युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २००२ मध्ये आपल्या कृत्रिम मैदानावर केलेल्या मोजणीत हवेचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सियस असताना मैदानाचा पृष्ठभाग ९३ अंशांपर्यंत तापल्याचे आढळले. पाणी मारल्यावर काय होते, हेही तेथे पाहण्यात आले. ७९ अंशांवर असलेला पृष्ठभाग पाण्याने २९ अंशांपर्यंत उतरला, परंतु पाच मिनिटांत तो पुन्हा ४९ अंशांवर आणि वीस मिनिटांत ७३ अंशांवर पोहोचला.

त्या मैदानात रबराच्या काळ्या कणांचा भराव होता, त्यामुळे वाळू भरलेल्या घरगुती गवताला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही दिशा स्पष्ट आहे. तापलेल्या पृष्ठभागाशी त्वचेचा दहा मिनिटे संपर्क राहिला, तर पदार्थ कोणताही असो, ४८ अंशांपासून भाजण्याचा धोका सुरू होतो, अशी मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकात दिलेली आहे. लखनौच्या मे महिन्यातील दुपारी उघड्या जागेतील प्लॅस्टिकचे पाते ही मर्यादा सहज ओलांडते. रांगणारी मुले, वृद्ध माणसे आणि पाळीव कुत्री यांना त्याचा त्रास सर्वांत आधी होतो.

धागा आणि वीण

बाजारातील गवत प्रामुख्याने तीन पदार्थांचे असते. पॉलिप्रॉपिलीनचे गवत स्वस्त असते, पण त्याची पाती लवकर चपटी होतात. नायलॉन कणखर असते, मात्र ते महाग आणि स्पर्शाला राठ असते. घरगुती वापरासाठी पॉलिथिलीन हा मधला मार्ग मानला जातो. अनेक नमुन्यांत पॉलिथिलीनची हिरवी पाती आणि तळाशी पॉलिप्रॉपिलीनचे कुरळे, तपकिरी धागे असे मिश्रण असते. या कुरळ्या धाग्यांमुळे पाती उभी राहण्यास मदत होते.

ग्राहकाला सर्वप्रथम पात्याची लांबी सांगितली जाते. पन्नास मिलिमीटरचे गवत दिसायला भरघोस असते, परंतु लांब पाती उन्हाने मऊ पडून लोळतात आणि धूळ धरून ठेवतात. लखनौसारख्या धुळीच्या शहरात २५ ते ३५ मिलिमीटर लांबी पुरेशी आहे. लांबीपेक्षा घनतेला अधिक महत्त्व द्यावे. तुकडा उलटा करून टाक्यांच्या ओळी किती जवळ आहेत ते पाहावे. नंतर पाती दोन्ही हातांनी फाकवावीत. तळाचे कापड सहज उघडे पडत असेल, तर वीण विरळ आहे असे समजावे.

विक्रेते 'डेसिटेक्स' नावाचा आकडाही सांगतात. दहा हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम भरते, तितके त्याचे डेसिटेक्स. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. पण विरळ विणलेला जाड धागा दाट विणलेल्या मध्यम धाग्यापेक्षा चांगला ठरेलच असे नाही. म्हणून हा आकडा घनतेच्या आकड्याबरोबरच वाचावा.

रंगाचाही परिणाम होतो. गडद हिरव्या गवतापेक्षा फिक्या, पिवळसर छटेचे गवत काहीसे कमी तापते. पण हा फरक माफक असतो. 'थंड राहणारे गवत' अशी जाहिरात दिसल्यास ते किती अंशांनी थंड, कशाच्या तुलनेत आणि किती वेळ, असे तीन प्रश्न अवश्य विचारावेत.

अतिनील किरणांपासून संरक्षण ही उष्ण प्रदेशातील कळीची बाब आहे. धागा तयार करतानाच त्यात संरक्षक द्रव्य मिसळलेले नसेल, तर पाती फिकी पडतात, ठिसूळ होतात आणि झाडताना त्यांचा भुगा निघू लागतो. केवळ 'यूव्ही प्रूफ' या शिक्क्यावर विसंबू नये. किती तासांची चाचणी झाली आणि तिचा अहवाल आहे का, हे विचारावे. हमीपत्रात रंग उडण्याबरोबरच पाती तुटण्याचाही उल्लेख हवा आणि ती हमी भारतातील उन्हासाठी लागू आहे, असे लेखी घ्यावे.

अस्तर, भराव आणि निचरा

गवताच्या तळाला दोन थर असतात. पहिल्या कापडात टाके घातलेले असतात, तर दुसरा थर ते टाके पकडून ठेवतो. दुसरा थर लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा असतो. वारंवार ओल आणि उष्णता सोसण्यात पॉलियुरेथेन अधिक टिकाऊ समजले जाते. काही पाती चिमटीत धरून जोराने ओढून पाहावीत. ती सहज सुटली, तर पुढचे पाहण्याची गरज नाही.

पाती उभी राहावीत आणि गवत वाऱ्याने उचलले जाऊ नये म्हणून त्यात भराव टाकतात. घरासाठी धुतलेली, गोलसर कणांची सिलिका वाळू योग्य. टायर दळून केलेले काळे रबर उन्हात सर्वाधिक तापते आणि त्याला वासही येतो. उष्ण प्रदेशातील अंगणात ते टाळावे.

गोमतीकाठचा हा सारा प्रदेश गाळाच्या मातीचा आहे. अशा मातीवर थेट गवत अंथरले, तर पहिल्याच पावसाळ्यात जमीन खचून खड्डे पडतात. आधी माती काढून खडीचा थर घालावा, त्यावर बारीक कच टाकून तो नीट दाबावा आणि शंभर फुटांस किमान एक फूट या प्रमाणात घरापासून दूर उतार ठेवावा. गच्चीवर तर गळतीची तपासणी आणि जलरोधक थर आधी करावा. गवताखाली पाणी वाहून जाण्यासाठी जाळीदार चटई घालावी. अन्यथा गवत वरून कोरडे दिसेल, पण खाली ओल साचून छत खराब होईल.

गवताचे रोल बहुधा दोन मीटर रुंदीचे असतात, त्यामुळे मोठ्या जागेत सांधे येतातच. सर्व तुकड्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत. उष्णतेने प्लॅस्टिक प्रसरण पावते. म्हणून रोल उलगडून काही तास तसाच ठेवावा आणि कापणी-जोडणीचे काम भर दुपारी करू नये.

नवाबी अंगणाचा धडा

लखनौच्या जुन्या घरांत उन्हाळा सुसह्य करण्याचे उपाय अंगणापासूनच सुरू होत. संध्याकाळी मातीच्या किंवा विटांच्या अंगणात पाण्याचा 'छिडकाव' केला जाई आणि दारांवर वाळ्याच्या ओल्या ताट्या लावल्या जात. महाराष्ट्रातील सडा आणि वाळ्याचे पडदे यांच्याशी त्यांचे नाते सहज ओळखू येते. सच्छिद्र माती आणि वीट पाणी शोषून घेतात आणि ते सावकाश हवेत सोडतात, त्यामुळे गारवा टिकतो. कृत्रिम गवतावर टाकलेले पाणी मात्र भोकांतून खाली निघून जाते आणि पात्यांवर राहिलेला पातळ थर काही मिनिटांत वाळतो. पाणी वाचवण्यासाठी बसवलेले गवत थंड करण्यासाठी पाणी ओतत राहणे हा उलटा व्यवहार आहे.

धूळ हाही पाण्याच्याच हिशेबाचा भाग आहे. उन्हाळ्यातील धुळीच्या वादळांनंतर आणि हिवाळ्यातील धुरकट दिवसांत गवत धुवावे लागते. घरात कुत्रा असल्यास त्याची लघवी खालच्या थरात मुरून उन्हात उग्र वास येतो, त्यामुळे धुणे अधिक वेळा करावे लागते. होळीचे पक्के रंग प्लॅस्टिकवर डाग सोडतात, तर दिवाळीतील फुलबाजीची एक ठिणगीही गवतात काळे भोक पाडू शकते. पणत्या, उदबत्त्या आणि शेगडी त्यापासून दूर ठेवावी. समोरच्या इमारतीच्या परावर्तक काचेवरून उन्हाची तिरीप एकाच जागी येत असेल, तर तेथील पाती वितळून आखडतात. असे प्रकार परदेशांत नोंदले गेले आहेत. त्यामुळे गवत बसवण्यापूर्वी दिवसभरात ऊन कोठून कोठे सरकते, ते पाहून घ्यावे.

आरोग्य आणि पर्यावरण

२००८ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात काही जुन्या कृत्रिम मैदानांच्या रंगद्रव्यात शिसे आढळले. तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाने त्या वर्षी तपासणी करून मुलांना धोका नसल्याचे सांगितले, तरी उत्पादनातून शिसे वगळण्याचा आग्रह धरला. आपल्याकडे खरेदी करताना शिसेमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मागणे हिताचे आहे.

झिजलेल्या पात्यांचे बारीक कण पावसाबरोबर गटारात आणि पुढे नदीत जातात. सूक्ष्म प्लॅस्टिकच्या या प्रश्नामुळे युरोपीय महासंघाने २०२३ मध्ये एक नियम केला. मैदानांत भराव म्हणून वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिक व रबराच्या कणांची विक्री थांबवण्यासाठी त्यात आठ वर्षांची, म्हणजे २०३१ पर्यंतची मुदत दिली आहे. कॅलिफोर्नियाचे उदाहरणही बोलके आहे. दुष्काळाच्या काळात, २०१५ मध्ये, घरांच्या आवारातील कृत्रिम गवतावर शहरांना बंदी घालता येऊ नये असा कायदा तेथे झाला. २०२३ मध्ये तो बदलून स्थानिक संस्थांना अशी बंदी घालण्याची मुभा पुन्हा देण्यात आली.

सर्वसाधारणपणे आठ ते दहा वर्षांनी हे गवत बदलावे लागते. कडक उन्हात ही मुदत आणखी कमी होऊ शकते. निरनिराळी प्लॅस्टिके, लॅटेक्स आणि वाळू एकत्र असल्यामुळे त्याचा पुनर्वापर अवघड असतो. जाळल्यास विषारी धूर होतो. जुना रोल कोण आणि कोठे नेणार, हा प्रश्न खरेदीच्या वेळीच विचारलेला बरा.

हरळीचा पर्याय

गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा ज्या गवताच्या, ती हरळी उत्तर भारतात 'दूब' म्हणून ओळखली जाते. ही वनस्पती मूळचीच उष्ण प्रदेशांना मानवणारी आहे. पाणी कमी पडल्यास ती वरून वाळते, पण जमिनीतील खोडांतून पावसाच्या पहिल्या सरींनी पुन्हा फुटते. पावसाळ्याच्या आरंभी मुळासकट काड्या लावल्यास ती झपाट्याने पसरते. रोज थोडे पाणी शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा खोलवर पाणी दिल्यास मुळे खाली जातात. काही प्रमाणात खारट पाणीही ती सोसते, त्यामुळे पाणी शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्रातून वाया जाणारे पाणी, साध्या पाण्यात मिसळून, तिच्यासाठी वापरता येते.

हरळीच्याही मर्यादा आहेत. तिला दिवसाचे पाच-सहा तास थेट ऊन लागते. आंब्याखाली किंवा उंच भिंतीच्या आडोशाला ती विरळ होत जाते. लखनौच्या डिसेंबर-जानेवारीतील थंडीत आणि धुक्यात ती पिवळसर पडते. बारमाही हिरव्या रंगाची अपेक्षा असणाऱ्यांना हे रुचत नाही.

निर्णय कसा घ्यावा?

हरळीची ही मर्यादाच निर्णयाची किल्ली आहे. जेथे भरपूर ऊन आहे तेथे हरळी वाढते आणि कृत्रिम गवत असह्य तापते. जेथे सावली आहे तेथे हरळी तग धरत नाही, पण कृत्रिम गवत त्रासदायक ठरत नाही. झाकलेला सज्जा, जिन्याखालची जागा, छपराखालचा ओटा, उत्तरेकडील अरुंद पट्टी या ठिकाणी चांगल्या प्रतीचे कृत्रिम गवत उपयोगी पडते. दक्षिण किंवा पश्चिमेकडील उघडे अंगण, लहान मुलांची खेळण्याची जागा आणि छप्पर नसलेली गच्ची या ठिकाणी ते टाळावे. उघड्या जागेत ते घालायचेच असेल, तर आधी वेलीचा मांडव किंवा सावलीची जाळी यांची सोय करावी. झाडांच्या बुंध्याभोवती किमान तीन फूट माती उघडी ठेवावी, म्हणजे मुळांना पाणी आणि हवा मिळेल.

पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून एक फूट लांबी-रुंदीचा नमुना मागून घ्यावा. तो प्रत्यक्ष जागेवर बारा ते दोन या वेळेत उन्हात ठेवावा आणि मग त्यावर तळहात टेकून पाहावा. कपाळाचा ताप मोजणारे घरगुती उपकरण साधारण ४३ अंशांच्या पुढे मोजत नाही, त्यामुळे ते या कामी उपयोगाचे नाही. त्याच नमुन्यावर तांब्याभर पाणी ओतून ते किती वेळात उतरते ते पाहावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने पाती घासून रंग सुटतो का, तेही तपासावे. रात्रभर त्यावर खुर्चीचा पाय ठेवून सकाळी पाती पुन्हा उभी राहतात का, ते बघावे. या साध्या चाचण्यांना एक दिवस लागतो, खर्च काहीही येत नाही आणि पुढील आठ-दहा वर्षे घरातील मुलांना अंगणात अनवाणी पायाने उतरता येईल की नाही, याचे उत्तर त्यातून आधीच मिळते.